उतरलेला चेहरा

१२ जानेवारी

प्रिय ताई,

नमस्कार. फार दिवसांनी लिहितोय. रागावली असशील तर निम्म्याच रागाने वाच, उरलेला पुढच्या पत्रासाठी ठेव. आज कामासाठी लिहितोय. तू तीस वर्षं इस्पितळात सिस्टर होतीस, त्यात त्वचारोगाच्या वॉर्डातही, म्हणून हा प्रश्न तुलाच विचारायचा.

माझं वजन एकतीस किलोंनी उतरलंय. हो, तुझ्या गबदूचं! ही गेली त्याला आता सव्वा वर्ष झालं. तेव्हा एकशे चार होतो, आता त्र्याहत्तर. रोज चालतो, खाण्यावर ताबा ठेवलाय. डॉक्टर खूश आहेत. साखर, रक्तदाब, सगळं ताळ्यावर. पट्ट्याला चार नवी भोकं पाडून घेतली.

भानगड चेहऱ्याची आहे. पोट गेलं ते ठीक, पण गालही गेले, आणि त्यांच्यावरची कातडी मात्र मागे राहिली. जबड्याच्या दोन्ही बाजूंना ती रिकाम्या पिशवीसारखी लोंबते. हनुवटीखाली अशी घडी पडलीय की दाढी करताना ती एका हाताने ताणून धरावी लागते. तुला माहीत आहे, माझ्या धंद्यात आरशाशिवाय पान हलत नाही. चष्म्याच्या एवढ्याशा दुकानात सात आरसे. गिऱ्हाईक फ्रेम लावून आरशात बघतं आणि त्याच्या खांद्यामागे मी दिसतो. परवा एका बाईंनी विचारलं, "इथे पूर्वी एक गुबगुबीत गृहस्थ बसायचे, ते कुठे गेले?" मी म्हटलं, "रजेवर आहेत." त्या म्हणाल्या, "आले की सांगा, मी विचारत होते म्हणून."

तर यावर काही उपाय आहे का? मलम, मालिश, तोंडाचे व्यायाम, काहीही चालेल. आणि चेहरा पूर्वीसारखा व्हायला साधारण किती दिवस लागतात, तेही लिही. जरा लवकर लिही.

तुझा
गबदू (आता नावापुरता)


२३ जानेवारी

चि. गबदूस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. आधी वाटलं, दुसऱ्याच कोणाचं आलंय. लहानपणी जेवायला बसलास की पाणी प्यायलासुद्धा न उठणारा तू, आणि खाण्यावर ताबा! चांगलं केलंस. मी मात्र होते तेवढीच आहे, उलट वर दोन किलो. गुडघे रोज सकाळी त्याबद्दल शिव्या घालतात.

आता तुझा प्रश्न. खरं सांगते, गोड करून सांगत नाही. गालाला भरीव ठेवते ती कातडीखालची चरबी. ती गेली की वरची कातडी सैल पडते. विशी-पंचविशीत ती पुन्हा आखडून बसते, कारण तिच्यात ताण असतो. आपल्या वयाला तो ताण उरलेला नसतो. तू त्रेसष्टचा आहेस. त्यात वजन झपाट्याने उतरलं तर कातडीला सावरायलाही वेळ मिळत नाही. मलमाने ती मऊ होते, वर चढत नाही. मालिश करायची तर कर, पण जोरात ओढू नकोस. उन्हात टोपी घाल, खाण्यात अंडी, दूध, डाळी असू देत, आणि आता वजन आणखी उतरवू नकोस. वर्षभरात थोडाफार फरक पडेल. पूर्वीसारखा चेहरा होणार नाही. ते आरशाला एकदा सांगून टाक आणि मोकळा हो.

पण मला एक कळत नाही. तू आयुष्यात कधी केससुद्धा नीट विंचरले नाहीस. तुझ्या बायकोने मागे लागून विंचरायला लावले तेवढेच. आता एकदम चेहऱ्याची एवढी काळजी? कोणी भेटलंय का? भेटलं असेल तर चांगलंच आहे, लाजू नकोस. एकट्याने दिवस काढणं काय असतं ते मला कोणी शिकवायला नको.

तुझ्या आईला दाखवलंस का हे नवं रूप? मावशी काय म्हणाली ते कळव. तिला माझा नमस्कार सांग.

तुझी
ताई


२० फेब्रुवारी

प्रिय ताई,

कोणी भेटलेलं नाही. असलं काही मनात आणू नकोस.

तू आरशाला सांगायला सांगितलंस, पण मी एका दवाखान्यात जाऊन आलो. चेहरे ठीकठाक करून देणारा दवाखाना. बाहेर सगळ्या बायका बसलेल्या, मीच एकटा बाप्या. डॉक्टर म्हणजे माझ्या मुलीच्या वयाची पोरगी, मुलगी असती तर. तिने माझे दोन्ही गाल चिमटीत धरून कानाकडे ओढले आणि हातात आरसा दिला. "बघा, दहा वर्षं कमी झाली."

मी बघितलं. ताई, तो मी नव्हतो. कोणीतरी सतत आश्चर्य वाटत असलेला माणूस होता.

मी माझा जुना फोटो बरोबर नेला होता. तो दाखवून विचारलं, "असा होईन का?" तिने फोटो बराच वेळ बघितला. म्हणाली, "काका, आम्ही कातडी घट्ट करतो. हा चेहरा भरलेला आहे. तो घट्ट करून येत नाही." मग म्हणाली, "यात वाईट काय आहे? तुम्ही आता जास्त निरोगी आहात." मी आभार मानून आलो.

आता एकच विचारतो. मी मुद्दाम वजन वाढवलं, भरपूर लोणी, मलई, काय लागेल ते खाल्लं, तर गाल परत येतील का? आणि आधी गालच यावेत असं काही करता येतं का?

आई बरी आहे.

तुझा
गबदू


१ मार्च

चि. गबदू,

आशीर्वाद नंतर. आधी मला खरं सांग.

तीस वर्षांत वजन उतरवलेली शेकडो माणसं बघितली. सगळी कातडीबद्दल कुरकुरतात. पण एवढ्या कष्टाने उतरवलेलं वजन परत चढवायला निघालेला माणूस मी एकही बघितला नाही. तू वजन उतरवलेलं नाहीस. ते आपोआप उतरलंय. हो की नाही?

रक्त तपासलंस का? पोटाचा फोटो काढलास का? खोकला, ताप, रात्री घाम? काही असेल तर लपवू नकोस. माणसं आधी चेहऱ्याचं विचारतात आणि मग हळूच खरं दुखणं सांगतात, हे मला पाठ आहे. तू आईबद्दल तीन शब्द लिहिलेस, तेही मला खटकलं. तुझं पत्र तिच्याबद्दल पानभर असतं.

आणि प्रश्नाचं उत्तर: नाही. चरबी येते ती पोटावर आधी येते, गालावर कधी आली तर आली. तिला पत्ता सांगता येत नाही.

मी गंमत केली, तिचं वाईट वाटून घेतलं असशील तर माफ कर. इथे माझ्याशी गंमत करायला कोणी नाही, म्हणून पत्रात जरा जास्त होते. लगेच उत्तर दे.

ताई


१४ एप्रिल

प्रिय ताई,

दीड महिना लावला. तुझी दुसरी दोन पत्रंही मिळाली. तुला घोर लावला, चुकलो. मला आजार नाही. सगळ्या तपासण्या झाल्या, कागद बरोबर जोडलेत.

मी चालत वगैरे नाही. खाण्यावर ताबाबिबाही नाही. ही गेल्यावर मला जेवता येईना, एवढंच. भूक लागते, पण एका माणसाचं ताट घेऊन टेबलाशी बसलं की घास उचलवत नाही. समोरची खुर्ची दिसते. मग मी ओट्याशी उभा राहून पाव आणि चहा घ्यायला लागलो. तेवढ्यावर भागतं असं दिसलं. मग तसंच चालू राहिलं. कोणी विचारणारं नव्हतं. वजन उतरलं तर लोक अभिनंदनच करतात.

आता आईचं. ती वृद्धाश्रमात आहे आणि मी आठवड्याला जातो, एवढं तुला माहीत आहे. ही गेल्यावर मी सात महिने तिकडे गेलोच नाही. आई पहिला प्रश्न विचारणार, "सून कुठाय?" आणि मला सांगायला तोंड नव्हतं. अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या बाईला हे कसं सांगायचं? तिथल्या बाईंना फोन करून खुशाली घ्यायचो, सामान पाठवायचो. स्वतःला सांगायचो, पुढच्या रविवारी.

शेवटी गेलो. ती खिडकीशी बसली होती. माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "बसा. तुम्ही कोणाकडे आलात?"

ताई, आईने मला "तुम्ही" म्हटलं.

तिला वयामुळे विसरायला होतं, पण माणसं ती ओळखते. तिथल्या बाई, शेजारच्या खाटेवरची, डॉक्टर, सगळ्यांना नावानिशी हाक मारते. मलाच नाही. तिच्या टेबलावर माझा फोटो आहे, हिच्याबरोबरचा, भरल्या गालांचा. ती तो फोटो मला दाखवून म्हणाली, "हा माझा मुलगा. चष्म्याचं दुकान आहे त्याचं." मी म्हटलं, "आई, तो मीच." तिला आता फार कमी ऐकू येतं, कानाशी ओरडावं लागतं, आणि ओरडलं की सगळ्यांचा आवाज सारखाच. पुन्हा ओरडलो. फोटो गालाशी धरला. ती घाबरली. बाईंना हाका मारायला लागली, "हे कोण आहेत बघा, काय म्हणतायत मला कळत नाही." बाईंनी समजावलं, पण ती फोटोकडे बघे, माझ्याकडे बघे आणि मान हलवे.

त्यानंतर चार वेळा गेलो. चारही वेळा तेच. मग तुला पत्र लिहिलं. मला तरुण व्हायचं नव्हतं. मला फक्त तिला ओळखू येईल एवढा चेहरा हवा होता.

गबदू


२२ एप्रिल

चि. गबदूस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. तुला मी "कोणी भेटलंय का" विचारलं! जीभ झडली असती तर बरं झालं असतं.

आणखी एक सांगायचं राहिलंय. तुझी बायको गेली तेव्हा न येण्यासाठी मी गुडघ्याचं कारण दिलं. गुडघा तेव्हा चालत होता. तीस वर्षं मेलेल्या माणसांच्या घरच्यांशेजारी बसून काढली, आणि स्वतःच्या माणसाशेजारी बसायची वेळ आली तेव्हा मला दार उघडून बाहेर पडता येईना. तू सात महिने आईकडे गेला नाहीस. मी तुझ्याकडे दीड वर्ष आले नाही. आपण दोघं एकाच माळेचे मणी.

आता ऐक. चेहऱ्याच्या मागे लागू नकोस, तो येणार नाही. पण जेव. गालांसाठी नको, पायांत बळ राहावं म्हणून जेव. बसून जमत नसेल तर उभा राहून जेव, पण पाव-चहा पुरे झाला. रोज दोन अंडी आणि भाजी, हा सिस्टरचा हुकूम आहे.

आणि मावशीकडे जा. पण "मी तुझा मुलगा" हे सांगू नकोस. ती ओळखत नाही आणि तू ओरडतोस, यात तिला फक्त भीती मिळते. तिला तू जो वाटशील तो हो. वॉर्डात मी किती जणींची बहीण झाले, एकीची तर सासूही झाले. तुला हे फार जड जाईल. पण निदान तू तिच्याशेजारी बसशील.

ताई


१६ मे

प्रिय ताई,

तुझं ऐकलं. गेलो, आणि नुसता बसलो. तिच्या चष्म्याची एक काडी ढिली झाली होती, चष्मा सारखा नाकावरून घसरत होता. खिशात बारका स्क्रू-ड्रायव्हर असतोच. काडी घट्ट केली, नाकावरच्या गाद्या पुसून बसवल्या. तिने चष्मा लावला, मान हलवून बघितली आणि खूश झाली. "अरे वा, तुम्ही चष्मेवाले होय! मग आधी का नाही सांगितलंत?"

तेव्हापासून मी चष्मेवाले आहे. बुधवारी आणि रविवारी चारला जातो. आता तिथले सगळेच चष्मे घेऊन बसतात. कोणाची काच सैल, कोणाची काडी वाकडी. माझं काम झालं की आई मला आपल्याजवळची खुर्ची देते आणि मुलाबद्दल सांगते. मी ऐकतो. तो किती खादाड होता, किती हसवायचा, शाळेत मास्तरांच्या खुर्चीत कसा अडकला होता. ते मी विसरलोच होतो.

गेल्या बुधवारी ती म्हणाली, "तुमचं अक्षर बरं आहे का? मला मुलाला पत्र लिहायचंय." मी कागद घेतला. ती सांगत गेली, मी लिहीत गेलो. मध्ये दोनदा मला थांबावं लागलं. ती म्हणाली, "भरभर सांगतेय का मी?"

पत्ता तिला तोंडपाठ होता. माझ्यावर तिचा भरवसा नव्हता, पाकीट तिने तिथल्या बाईंकडे दिलं आणि पोस्टात टाकायला लावलं. शुक्रवारी ते माझ्या दाराच्या फटीतून आत आलं. नक्कल पाठवतोय. काय करू ते सांग.

गबदू


(सोबतची नक्कल)

चि. गबदूस आईचे अनेक आशीर्वाद.

हे मी सांगतेय आणि चष्मेवाले लिहून घेतायत. त्यांचं अक्षर छान आहे, तुझ्यासारखं नाही.

तू येत नाहीस म्हणून मी रागावलेली नाही. तू का येत नाहीस ते मला कळतं. सून गेली. मला कोणी सांगितलेलं नाही, सगळे विषय बदलतात. पण ती असती तर तिने तुला कान धरून इथे आणलं असतं. तुला माझ्याशी खोटं बोलता येत नाही. लहानपणी चोरून साखर खाल्लीस की तुझे गालच सांगायचे. म्हणून तू तोंड दाखवत नाहीस.

अरे, मला सांगितलंस तर मी मरायची नाही. मरायचं असतं तर कधीच मेले असते. पण ती गेली आणि मला कोणी रडूही देत नाही, हे बरं नाही. तू तिथे एकटा रडतोस, मी इथे एकटी.

जेवतोस ना? तुला एकट्याने जेवता येत नाही, मला माहीत आहे. शाळेचा डबासुद्धा परत आणायचास, शेजारचा मुलगा आला नसला की.

इथे हे चष्मेवाले येतात. सज्जन आहेत, पण फार वाळलेत, तोंड अगदी उतरलंय. घरी कोणी नसावं. बोलत नाहीत फारसे. तू आलास की त्यांच्याशी बोल. तुला माणसं हसवता येतात.

लवकर ये.

तुझी
आई

ता. क. मी त्यांना म्हटलं, तुमच्याबद्दलचंही लिहा, गाळू नका. त्यांनी लिहिलं असेल.


२३ मे

गबदू,

काय करू म्हणून काय विचारतोस? पत्र आलंय ना तुला? उत्तर लिही. खरं उत्तर लिही आणि पोस्टात टाक. तिने हक्काने विचारलंय.

मी येतेय. दहा तारखेला सकाळची गाडी आहे, तिकीट काढून झालं. गुडघ्याला विचारलेलं नाही.

ताई


३१ मे

प्रिय ताई,

उत्तर लिहिलं. तीन कागद फाडले, चौथा पाठवला. "ती. आईस सा. न." इतकं लिहायलाच अर्धी सकाळ गेली. मग लिहिलं ते असं:

"तुझं बरोबर आहे. ही गेली. गेल्याच्या गेल्या वर्षी, ऑक्टोबरात. सकाळी चहा ठेवला आणि खुर्चीत बसली, ती उठली नाही. तिला त्रास झाला नाही असं डॉक्टर म्हणाले. मला तुझ्यासमोर येऊन हे सांगता आलं नाही. मी भित्रा निघालो. मी नीट जेवत नव्हतो, आता थोडं जेवतो. माझे गाल गेले, आई. समोर आलो तरी तू ओळखशील असं नाही, म्हणून आधी कळवतोय. तुझी आठवण रोज येते. चष्मेवाल्यांशी बोलेन."

रविवारी चारला गेलो तर पत्र तिच्या मांडीवर, बंदच. तिथल्या बाई वाचून दाखवत होत्या, तर नको म्हणाली. "चष्मेवाले येतील, ते वाचतील. आधीचंही त्यांनीच लिहिलंय."

मी कानाशी वाचायला लागलो. ती म्हणाली, "मोठ्याने वाचा." हॉलमध्ये आठ-नऊ जण होते. ताई, "मी भित्रा निघालो" हे मी त्या सगळ्यांसमोर ओरडून वाचलं. "माझे गाल गेले, आई" हेही. एकही माणूस हसला नाही. कोपऱ्यातल्या आजोबांनी रेडिओ बंद केला.

तिने हिच्याबद्दलचं पुन्हा वाचायला लावलं. मग चष्मा काढून मांडीवर ठेवला आणि रडली. चांगली मोकळी रडली, हिच्या नावाने. तिला रडताना बघून माझाही बांध फुटला. दीड वर्षात मी हिच्यासाठी कोणासमोर रडलो नव्हतो.

आईने मान वर केली. "तुमचंही कोणी गेलंय?"

मी म्हटलं, "बायको."

"केव्हा?"

"गेल्याच्या गेल्या वर्षी."

"अगंबाई, माझ्या मुलासारखंच." तिने मला खुर्ची जवळ ओढायला लावली. स्वतःच्या रुमालाने माझे डोळे पुसले, मग गाल. सैल कातडी बोटाखाली सरकली, तर तिने दुसरा हात लावून ती धरली आणि घडीतलं पाणीही टिपलं, दाढी करताना मी धरतो तसं. म्हणाली, "रडा. इथे कोणी काही म्हणत नाही. आणि घरी जाऊन जेवा. माझ्या मुलालाही हेच सांगणार आहे मी."

मी म्हटलं, "जेवतो." आणि घरी येऊन जेवलो. टेबलाशी बसून.

तिने ओळखलं नाही. ओळखेल असं मला आता वाटतही नाही. पण बुधवारी गेलो तेव्हा ती दाराकडे तोंड करून बसली होती, आणि चष्मा चांगला घट्ट होता.

तू दहा तारखेला येतेस. स्टेशनवर मी उभा असेन. गुबगुबीत माणूस शोधत बसू नकोस, निळी टोपी बघ. दुपारी आपण आईकडे जाऊ. तू तशीच असशील तर तुला ती लगेच ओळखेल, आणि मग माझी ओळख करून देईल, "हे आमचे चष्मेवाले." तू नमस्कार कर. हसू नकोस. आणि तेवढा वेळ मला अहो-जाहो कर.

तुझा
गबदू